अर्धी तपासणी घरीच होते

कोलोनोस्कोपीचा, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीचा, अहवाल हातात पडला की नजर थेट शेवटच्या ओळींवर जाते. गाठ सापडली का, व्रण आहे का, तुकडा तपासायला पाठवलाय का? मधली एक ओळ सहसा कुणी वाचत नाही. आतड्याची तयारी कशी झाली होती, याची ती नोंद असते आणि बऱ्याच ठिकाणी ती आकड्यांत असते. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजपट्टीत मोठ्या आतड्याचे उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग धरतात आणि प्रत्येक भागाला शून्य ते तीन गुण देतात. घट्ट मळामुळे आतलं अस्तर दिसतच नसेल तर शून्य, सगळं अस्तर लख्ख दिसत असेल तर तीन. प्रत्येक भागाला निदान दोन गुण असतील तरच त्या तपासणीवर भरवसा ठेवता येतो. उजव्या भागाला एकच गुण मिळालेला असताना अहवालात ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं असेल, तर त्या भागात दोष नाही असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे गुण देतात डॉक्टर, पण ते मिळवायचे असतात रुग्णाला, आदल्या संध्याकाळपासून, स्वतःच्या घरी. म्हणून माझं म्हणणं असं की पोट साफ करणं हा तपासणीचाच अर्धा भाग आहे. तो नीट होण्यासाठी माणूस किती कडक उपाशी राहिला यापेक्षा दोन हिश्शांत प्यायच्या रेचक औषधाचा दुसरा हिस्सा त्याने किती वाजता प्यायला, याला जास्त महत्त्व आहे. आणि ही गोष्ट कारणासकट समजावून सांगणं हे रुग्णालयाचं काम आहे, त्यांनी रुग्णावर केलेले उपकार नव्हेत.

हे चंदीगडच्या संदर्भात मांडायला एक खास कारण आहे. सेक्टर १२ मधली पीजीआय ही वैद्यकीय संस्था १९६२ साली सुरू झाली आणि १९६७ साली संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिथे येणारा रुग्ण फक्त चंदीगडचा नसतो. कांगडा, हमीरपूर, भटिंडा, सिरसा, जम्मू अशा चहूकडच्या गावांतून लोक येतात, आणि बहुतेक जण काहीतरी त्रास सुरू झाल्यावर येतात. अमेरिकेत किंवा युरोपात धडधाकट माणूस ठराविक वयानंतर कर्करोगाच्या चाळणीसाठी कोलोनोस्कोपी करून घेतो. आपल्याकडे शौचातून रक्त पडतं, महिनोन्महिने जुलाब होतात, वजन घटतं, उजव्या कुशीत दुखतं, तेव्हा ही तपासणी लिहून दिली जाते. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजचे डॉ. अजित सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंजाबात घरोघरी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात दर लाख लोकांमागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला व्रण पाडणारा आजार, असल्याचं दिसलं. हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, आपल्याकडे तो जवळपास नाहीच, ही जुनी समजूत त्या आकड्याने मोडीत काढली.

त्याहून महत्त्वाचा आहे आतड्याचा क्षयरोग. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तो उजव्या कुशीतला कोपरा क्षयाच्या जंतूंना विशेष मानवतो, कारण तिथे अन्नरस रेंगाळतो आणि लसिकापेशींची दाटी असते. नेमक्या त्याच जागी क्रोन्स हा दुसरा, जंतूंशी संबंध नसलेला आजारही ठाण मांडतो. दोन्हींची लक्षणं इतकी सारखी की नुसत्या बोलण्यावरून किंवा पोट तपासून ते वेगळे ओळखता येत नाहीत. उपचार मात्र एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. क्रोन्सला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात. तीच क्षयाच्या रुग्णाला दिली तर जंतू मोकाट सुटतात. उलट क्रोन्सच्या रुग्णाला सहा महिने क्षयाच्या गोळ्या देत बसलं तर तेवढा काळ त्याचं आतडं आकसत जातं. फरक कळतो तो बराचसा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवरून. व्रण आतड्याभोवती आडवे पसरलेत की लांबीच्या दिशेने उभे, दोन आतड्यांमधली झडप सताड उघडी पडलीय की नाही, मध्ये चांगलं अस्तर सोडून पुढे पुन्हा व्रण आहेत का, हे सगळं पाहावं लागतं. शिवाय व्रणाच्या नेमक्या जागेवरून तुकडे घ्यावे लागतात. म्हणजे उत्तर भारतातल्या या रुग्णांचा सगळा निकाल ज्या कोपऱ्यावर अवलंबून आहे तो मोठ्या आतड्याच्या अगदी टोकाला आहे. दुर्बीण तिथे सर्वांत शेवटी पोहोचते आणि अर्धवट तयारीत सर्वांत आधी खराब होतो तोही हाच कोपरा.

तो आधी का खराब होतो, हे कळलं की तयारीचं सगळं वेळापत्रक आपोआप कळतं. आपण खातो-पितो ते आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा स्राव असं सगळं मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव अन्नमार्गात उतरतो. त्यातला बहुतेक लहान आतडं शोषून घेतं आणि लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात येतो. माणूस उपाशी असला तरी हे स्राव थांबत नाहीत. समजा संध्याकाळी सात ते नऊ या वेळात सगळं औषध पिऊन आतडं धुऊन निघालं. रात्रभर लहान आतड्यातून पित्ताने रंगलेला चिकट रस झिरपत राहतो आणि सकाळी दहापर्यंत उजव्या भागावर त्याचा पिवळट-हिरवट थर बसतो. पाणी मारून तो काही प्रमाणात धुता येतो, पण सगळा निघत नाही. नेमक्या उजव्या बाजूला होणाऱ्या काही गाठी चपट्या असतात, अस्तराच्याच रंगाच्या असतात आणि त्यांच्यावर त्यांचा स्वतःचा श्लेष्माचा पापुद्रा असतो. चिकट थराखाली त्या दडून जातात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या वेळी तयारी कमी पडलेल्या रुग्णांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा एकूण सापडलेल्या गाठींपैकी ४२ टक्के गाठी पहिल्या खेपेला निसटल्या होत्या असं दिसलं. कर्करोगाकडे झुकलेल्या मोठ्या गाठींमध्येही हे प्रमाण २७ टक्के होतं. तपासणी झाली होती, दुर्बीण टोकापर्यंत गेली होती, रुग्ण निर्धास्त होऊन घरी गेला होता, आणि गाठ आतच होती.

या तयारीसाठी आज दिली जाणारी पूड एवढ्या पाण्यात का कालवतात आणि ती इतकी खारट का लागते, याचं उत्तर तिच्या इतिहासात आहे. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून तारेचा फास टाकून गाठी काढायला सुरुवात केली, तेव्हा तयारी म्हणजे दोन-तीन दिवस पातळ पदार्थ, एरंडेलासारखं रेचक आणि वरून एनिमा. माणूस गळून जायचा आणि आतडं तरीही अर्धवटच साफ व्हायचं. मग मॅनिटॉल ही साखर पाण्यातून देऊन पाहिली गेली. ती शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि पोट झटपट मोकळं करते, म्हणून ती लोकप्रियही झाली. पण आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन निघतो. १९७९ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या घटनेत विजेच्या तारेने गाठ काढताना ठिणगी पडली, आतड्यात स्फोट झाला आणि रुग्ण दगावला. पुढच्याच वर्षी, १९८० साली, अमेरिकेत डॅलसमध्ये जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांचं मिश्रण मांडलं. या पदार्थाचे रेणू मोठे असतात. ते रक्तात शिरत नाहीत, जिवाणूंना आंबवता येत नाहीत आणि आपल्याबरोबरचं पाणी आतड्यात धरून ठेवतात. सोबतचे क्षार असे मोजून घातलेले असतात की शरीरातून आतड्यात आणि आतड्यातून शरीरात जवळजवळ काहीच जाऊ-येऊ नये. जेवढं प्यायलं तेवढंच बाहेर येतं आणि वाटेतलं सगळं धुऊन आणतं. म्हणूनच त्याचं प्रमाण कमी करता येत नाही. भारतात पेगलेकसारख्या नावाने मिळणाऱ्या पाकिटात सुमारे १३७ ग्रॅम पूड असते आणि ती २ लिटर पाण्यातच कालवायची असते. ‘पाणी थोडं कमी घेतलं, जास्त दाट केलं’ असं केलं की हा तोल बिघडतो. नुसत्या साध्या पाण्याने पोट धुवायला गेलं तर रक्तातला सोडियम पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. ते टाळण्यासाठीच हे क्षार आहेत, आणि खारट चव त्यांचीच.

यावर पहिली शंका येते ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून, आणि ती गैरवाजवी नाही. एरंडेल आहे, सोनामुखीचं चूर्ण आहे, पंजाबात जमालगोटा आहे. पिढ्यान्‌पिढ्या पोट त्यांनीच साफ झालं, मग हे दोन लिटर कशाला? फरक असा की ही सारी द्रव्यं आतड्याला चिमटा काढून पुढे ढकलायला लावतात. बद्धकोष्ठासाठी तेवढं पुरतं, कारण तिथे मळ पुढे सरकला की काम झालं. इथे मळ सरकवून भागत नाही, भिंत दिसली पाहिजे. जमालगोटा तर अतिशय जहाल. त्याने कळा येतात, शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात आणि भिंतीवर लेप तसाच राहतो. एनिमाचं म्हणाल तर तो खालच्या डाव्या भागापलीकडे नीट पोहोचत नाही, आणि आपला प्रश्न आहे उजव्या टोकाचा. छोट्या बाटलीत मिळणारं सोडियम फॉस्फेटचं औषध थोडक्यात पिऊन होतं, म्हणून लोक ते मागतात. पण त्यातलं फॉस्फेट कॅल्शियमबरोबर मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत साचून मूत्रपिंड कायमचं निकामी झाल्याच्या घटना घडल्या आणि २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. वय झालेलं असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर दोन लिटरचा कंटाळा परवडला.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. पाव लिटरचा एकेक पेला दर दहा-पंधरा मिनिटांनी संपवायचा असतो. पहिला पेला सहज जातो. तिसऱ्या-चौथ्या पेल्याला पोट तटतटतं, मळमळतं, थोडी थंडी वाजल्यासारखं होतं. अजून शौचाला होत नाही म्हणून धीर सुटतो. साधारण तासाभरात पहिली कळ येते आणि मग पोटाचा ताण उतरतो. मळमळ फार वाढली तर अर्धा तास थांबावं, खोलीतल्या खोलीत फेऱ्या माराव्यात आणि पुन्हा सुरू करावं. औषध अर्ध्यावर सोडून देणं हा एकच खरा गुन्हा आहे. गार करून स्ट्रॉने जिभेच्या मागच्या बाजूला ओढून प्यायलं तर चव कमी लागते, असं सगळीकडे सांगतात. पण चंदीगडच्या जानेवारीत, बाहेर धुकं आणि चार-पाच अंश तापमान असताना, पहाटे लिटरभर गार पाणी पोटात घालणं म्हणजे हुडहुडी ओढवून घेणं. तेव्हा ते खोलीच्या तापमानाला ठेवून प्यायलं तरी गुणात काही उणेपण येत नाही. साखर, ग्लुकोज मात्र त्यात मिसळू नये. त्याने सोडियम रक्तात ओढला जातो आणि जिवाणूंना आंबवायला खाद्य मिळतं. लिंबू पिळायचं असेल तर डॉक्टरांना विचारून पिळावं.

आधी बाहेर पडतं ते नेहमीसारखं, मग तपकिरी गढूळ पाणी, मग त्यात कण, आणि शेवटी पिवळसर, स्वच्छ, तळ दिसेल असं पाणी. लघवीसारखं दिसतं, असं डॉक्टर सांगतात ते शब्दशः खरं आहे, आणि हीच थांबण्याची खूण. किती वेळा जावं लागलं याच्या मोजदादीला अर्थ नाही. दहा वेळा जाऊनही पाणी तपकिरीच असेल तर तयारी झालेली नाही. सारखं धुऊन त्या जागेची त्वचा सोलवटते, म्हणून सुरुवातीलाच थोडं व्हॅसलीन लावून ठेवावं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला भारतीय बैठकीच्या संडासात पुन्हा पुन्हा उठणं-बसणं हेच मोठं संकट होऊन बसतं. प्लॅस्टिकची कमोड खुर्ची आदल्या दिवशीच आणून ठेवावी, रात्री दिवा चालू ठेवावा, कडी आतून लावू नये. भोवळ येऊन पडणं हा म्हाताऱ्या माणसाला या रात्रीचा खरा धोका आहे. घरातल्या बाईची तपासणी असेल तर त्या संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्याने करायचा, हेही आधीच ठरलेलं असावं. पेल्यांचं वेळापत्रक आणि चुलीपुढचं काम एकाच वेळी होत नाही आणि होत नसलं की बाई आपलाच पेला मागे ठेवते.

वेळापत्रकाचा गाभा आहे दोन हिस्से. अर्धं औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी, चार ते सहा तास आधी सुरू करून निदान दोन तास आधी संपवायचं. सकाळी दहाची वेळ असेल तर दुसरा हिस्सा पहाटे पाचच्या सुमाराला सुरू करायचा आणि सात, फार तर साडेसातला पेला खाली ठेवायचा. रात्रभर झिरपलेला रस धुऊन नेणं, एवढंच त्या दुसऱ्या हिश्शाचं काम. अमेरिकेतल्या पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली आणि युरोपीय संघटनेने २०१९ साली हीच पद्धत प्रमाण मानली, आणि त्यामागे यादृच्छिक चाचण्यांचा भक्कम आधार आहे. विभागून घेणाऱ्यांचं आतडं जास्त स्वच्छ निघतं, औषध मध्येच सोडणारे कमी असतात आणि गरज पडली तर पुन्हा असंच करू म्हणणारे जास्त असतात. पहाटे उठायला कोण तयार होईल, ही शंका त्यामुळे टिकत नाही. कारण सांगितलं की लोक उठतात. सकाळी पाणी प्यायलं तर भूल देता येणार नाही, ही दुसरी शंका. पारदर्शक द्रव जठरातून लवकर पुढे जातो, म्हणून दोन तासांचा अवधी भूलतज्ज्ञांच्या नियमांतही मान्य आहे. ज्यांचं जठर सावकाश रिकामं होतं, उदाहरणार्थ जुना मधुमेह असलेले किंवा वजन घटवायची नवी इंजेक्शनं घेणारे, त्यांनी हे आधी सांगितलं पाहिजे.

तिसरी शंका सर्वांत खरी आहे आणि ती चंदीगडची आहे. जो माणूस रात्रीच्या बसने हमीरपूरहून निघून पहाटे सेक्टर ४३ च्या बस अड्ड्यावर उतरणार आहे, त्याने दुसरा हिस्सा कुठे प्यायचा? बसमध्ये? याचं उत्तर रुग्णाला शिस्त शिकवण्यात नाही. त्याला एक तर आदल्या दिवशी येऊन मुक्काम करता आला पाहिजे, किंवा त्याला दुपारची वेळ मिळाली पाहिजे. दुपारी दोनला तपासणी असेल तर सगळं औषध त्याच दिवशी सकाळी घेतलं तरी चालतं. युरोपीय मार्गदर्शक सूचनांत ही सोय आहे. पीजीआयच्या आवारात आणि आसपास रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सराया, धर्मशाळा आहेत, पण पन्नास माणसांत चार संडास असलेल्या सराईत पहाटे पाचला हा कार्यक्रम करणं म्हणजे काय, याचा विचार वेळ देणाऱ्याने करायला हवा. लांबून येणाऱ्यांना दुपारच्या वेळा राखून ठेवणं, किंवा आत औषध पिण्यासाठी खाटा आणि पुरेसे संडास असलेली एखादी खोली देणं, याला यंत्रसामग्रीच्या मानाने नगण्य खर्च येतो. तयारी फसलेल्या तपासणीचा खर्च त्याहून कितीतरी मोठा. ती पुन्हा करावी लागते, तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी तारीख जाते.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपण गरजेपेक्षा कठोर वागतो. दोन-तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहिल्याने आतडं जास्त स्वच्छ होतं असं चाचण्यांत दिसलेलं नाही. आदल्या दिवशी चोथा नसलेलं हलकं खाणाऱ्यांची तयारी फक्त पारदर्शक द्रवांवर राहिलेल्यांइतकीच चांगली होते आणि ते औषधही जास्त नेटाने पितात. अमेरिकेतल्या संघटनांनी २०२५ मध्ये सुधारलेल्या सूचनांत, ज्यांना विशेष अडचण नाही अशांसाठी पथ्य एका दिवसापुरतंच ठेवलं आहे. जुनाट बद्धकोष्ठ असलेल्यांना जास्त दिवस लागतात, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. पांढरा भात, सालं काढलेल्या मुगाच्या डाळीचं वरण, मऊ खिचडी, पांढरा पाव, उकडलेलं अंडं, पातळ ताक चालतं. मराठी घरांत इथे एक ठरलेली चूक होते. ‘उपाशी राहायचंय’ म्हटल्यावर आपण उपवासाचं करतो: साबुदाण्याची खिचडी, वर भरपूर दाण्याचं कूट, राजगिऱ्याचा लाडू. कूट आणि राजगिरा दुर्बिणीच्या शोषनळीत अडकायला अगदी योग्य आकाराचे असतात. उत्तरेत तीच जागा राजमा, सरसोंचा साग, मक्याची रोटी, पेरू आणि अनारदाणा यांची. औषध सुरू झाल्यावर पारदर्शक तेवढंच प्यावं: गाळलेलं लिंबूपाणी, शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं सूप. लस्सी, दूध, किन्नूचा गरासकटचा रस नको. लाल रंगाचं काहीच नको. रूह अफजा आतड्यात रक्तासारखं दिसतं. इसबगोल दोन-तीन दिवस आणि लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी बंद कराव्यात, कारण लोहामुळे मळ काळा आणि डांबरासारखा चिकट होतो.

काही माणसांनी ही पूड स्वतःच्या भरवशावर प्यायचीच नसते, आणि आतड्याचा क्षय जिथे नित्याचा आहे तिथे हे ठळकपणे सांगायला हवं. क्षय किंवा क्रोन्समुळे आतडं एखाद्या जागी आकसलेलं असेल तर वरून आलेलं दोन लिटर पाणी तिथे अडतं. जेवल्यावर पोट फुगणं, गुडगुड होऊन कळ येणं, उलटी झाल्यावर बरं वाटणं, ही अडथळ्याची लक्षणं आहेत. ती असतील तर औषधाआधी डॉक्टरांना सांगायचं, आणि औषध पिताना पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, खालून काहीच पडेना, तर पेला ठेवून रुग्णालय गाठायचं. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा जोराचा झटका आलेला असताना पूर्ण तयारी करतच नाहीत; थोड्याच अंतरापर्यंत दुर्बीण घालून काम भागवतात. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक पातळीला उतरते, आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं त्या गोळ्या तीन-चार दिवस आधीच थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कुणीही आपल्या मनाने बंद करू नये. स्टेंट बसवलेल्या माणसाला तशाने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

हे सगळं एका छापील पानावर, घाईत, इंग्रजीत दिलं जातं तिथे तयारी फसली तर दोष रुग्णाला देणं अन्याय आहे. जगभरात सुमारे पाचापैकी एका तपासणीत तयारी अपुरी ठरते आणि सूचना कशा दिल्या यावर हे प्रमाण बदलतं, याचे पुरावे आहेत. चीनमध्ये रुग्णांना वीचॅटवर टप्प्याटप्प्याने सूचना पाठवून केलेल्या चाचणीत, फक्त नेहमीच्या सूचना मिळालेल्यांपेक्षा त्यांची आतडी स्पष्टपणे स्वच्छ निघाली. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही असं घर विरळा. ‘आता पहिला पेला’, ‘आता दुसरा हिस्सा’ असा आवाजातला निरोप पंजाबीत, हिंदीत, डोगरीत पाठवता येतो. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत नेमणुकीवर असलेल्या सातारा-कोल्हापूरच्या जवानाची आई तपासणीला आली असेल तर मराठीतही. कागदावर ‘सहा तास आधी’ असं लिहिण्यापेक्षा ‘पहाटे ५ वाजता’ असं हाताने लिहून दिलं तरी निम्मी चूक टळते.

तपासणीच्या सकाळी परिचारिका विचारते, ‘साफ झालं ना?’ संकोचाने, किंवा मिळालेली तारीख जाईल या भीतीने, बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. तसं म्हणू नका. शेवटचं पाणी कसं होतं ते रंगासकट सांगा. मोबाइलवर फोटो काढून दाखवलात तरी कुणाला त्यात वावगं वाटणार नाही. टेबलावर पडण्याआधी कळलं तर आणखी औषध देता येतं, एनिमा देता येतो, तुमचा नंबर दुपारवर ढकलता येतो. आणि अहवाल मिळाल्यावर तयारीच्या ओळीत ‘अपुरी’ लिहिलेलं असेल, तर वर काहीही लिहिलेलं असो, पुढची तारीख मागून घ्या; अशी तपासणी वर्षाच्या आत पुन्हा करायची असते.